तेच टेबल, दोन साहेब: कष्टाची नोकरी आणि विषारी नोकरी यांतील फरकाचे एक प्रकरण

प्रकरणाची ओळख

या प्रकरणातील बाई मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट परिसरातील एका सीमाशुल्क दलाली कंपनीत, म्हणजे आयातदारांच्या वतीने सीमाशुल्क खात्यातून माल सोडवून देणाऱ्या, रोजच्या बोलण्यातल्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात, आयात विभागाचे काम पाहत होत्या. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत, म्हणून इथेही तोच उल्लेख ठेवला आहे. हे लेखन त्यांच्या संमतीने केले असून ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. मी नोकरीविषयक समुपदेशन करते. जुलै २०२२ च्या सुरुवातीला त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता: "आमचं ऑफिस टॉक्सिक झालंय, की मीच आता कामाला कमी पडते आहे?"

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर देणे बहुधा अवघड जाते, कारण विचारणाऱ्याची नोकरी, काम आणि आजूबाजूची माणसे अशा सगळ्याच गोष्टी बदललेल्या असतात आणि तुलना कशाशी करावी हेच कळत नाही. या प्रकरणात मात्र कंपनी, टेबल आणि ग्राहक तेच होते, कामाच्या मुदतीही त्याच होत्या. बदलले होते ते फक्त विभागप्रमुख. म्हणूनच ते सविस्तर मांडावेसे वाटले.

पार्श्वभूमी

मॅडम ३६ वर्षांच्या, डोंबिवलीत राहणाऱ्या. घरी नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. घराच्या कर्जाचा हप्ता दोघांच्या पगारावर चालणारा. या कंपनीत त्यांची नऊ वर्षे झाली होती आणि सीमाशुल्काची परीक्षा देऊन त्यांनी या कामासाठीचे ओळखपत्र, म्हणजे जी-कार्डही मिळवले होते. हाताखाली पाच जण होते.

त्यांच्या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. जहाज न्हावा-शेवा बंदराला लागण्याआधी आयातदाराकडून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) मागवायचे, मालाचा आठ अंकी वर्गीकरण क्रमांक ठरवायचा, चेकलिस्ट, म्हणजे भरायच्या माहितीचा कच्चा मसुदा, तयार करून आयातदाराची मंजुरी घ्यायची आणि मग आइसगेट या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे विवरणपत्र (पुढे नुसते 'बिल'), दाखल करायचे, असा हा क्रम असतो. पूर्वी जहाज आल्याच्या दुसऱ्या दिवसाअखेरपर्यंत बिल भरण्याची मुभा होती. २०२१ च्या वित्त अधिनियमानंतर समुद्रमार्गे येणाऱ्या बहुतेक मालासाठी ते जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरणे बंधनकारक झाले आणि त्या हिशेबातून सुट्ट्याही सुटल्या नाहीत. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो. जहाज कधी वेळेआधी येते, तर कधी आयातदार चेकलिस्टला दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. म्हणजे या टेबलावर बसणाऱ्याच्या डोक्यावर घड्याळ असणारच, आणि ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, कामामुळेच असते.

जुने साहेब ३१ डिसेंबर २०२१ ला निवृत्त झाले. ते कडक होते, आणि हे मी सौम्य शब्दांत सांगते आहे. चेकलिस्ट तीनदा परत पाठवणे, शनिवारी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवून घेणे, चुकीच्या वर्गीकरणावर केबिनमध्ये अर्धा तास बोलणे या गोष्टी नेहमीच्या होत्या. २०२१ च्या वसंतात मुदतीचा नवा नियम लागू झाल्यावर पहिल्याच महिन्यात दोन बिले उशिरा गेली. साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावले, आवाज बाहेरपर्यंत येत होता, आणि त्या दिवशी मॅडम रडत घरी गेल्या. "हा माणूस मला छळतो," असे त्या तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भिंतीवर एक फळा लागला होता. त्यावर येणाऱ्या प्रत्येक जहाजाची अपेक्षित तारीख लिहायची आणि रोज अकरा वाजता व चार वाजता ती पुन्हा तपासायची, असे ठरले. आयातदारांना साहेबांनी स्वतःच्या सहीने कळवले की चेकलिस्टची मंजुरी वेळेत आली नाही, तर उशिराचा आकार त्यांच्या खात्यावर जाईल. त्या दोन बिलांचा आकार कंपनीने भरला आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

अडचण

जानेवारी २०२२ मध्ये नवे साहेब आले. त्यांचा आधीचा सगळा अनुभव सहारच्या विमानतळावरील एअर कार्गोमधला होता. तिथे मालाची सुटका दिवसांत नव्हे, तासांत मोजली जाते, त्यामुळे समुद्री मालाच्या विभागाचा वेग त्यांना सुस्त वाटणे स्वाभाविक होते. मालकांनी त्यांना व्यवसाय वाढवण्याच्या अटीवर आणले होते, हेही मॅडमनीच मला सांगितले. त्यांची अधीरता आभाळातून पडलेली नव्हती.

पहिल्या सहा महिन्यांत मॅडमना आम्लपित्त सुरू झाले, रविवारी दुपारनंतर छातीत धडधड होऊ लागली आणि घरी मुलीवर विनाकारण आवाज चढू लागला. डोंबिवलीच्या त्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या करून शारीरिक दोष नसल्याचे सांगितले आणि कामाच्या ताणाविषयी विचारले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या अतिथकव्याची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात तीन खुणा आहेत: गळून जाणे, कामापासून मन दुरावणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. तिन्ही खुणा मॅडमच्या बोलण्यात होत्या. परंतु संघटनेनेही हा आजार न मानता कामाशी संबंधित स्थिती मानली आहे, आणि नुसत्या लक्षणांवरून ऑफिस कसे आहे ते ठरत नाही. पाच वर्षे अति काम करणारा माणूस चांगल्या साहेबाच्या हाताखालीही असाच गळून जाऊ शकतो.

पहिला अंदाज आणि तो का चुकला

मी सर्वप्रथम तास मोजायला सांगितले, आणि ही या प्रकरणातील माझी पहिली चूक होती. मॅडमनी हजेरीची नोंद आणली. जुन्या साहेबांच्या काळात मार्चमध्ये त्या सरासरी साडेदहा तास ऑफिसात असत. नव्यांच्या काळात साडेनऊ. कागदावर परिस्थिती सुधारलेलीच दिसत होती. बाईंना जुन्या साहेबांची सवय झाली आहे आणि नव्यांशी जुळवून घेणे जड जाते आहे, असे मी जवळजवळ बोलूनच गेले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट नोंदवायला हवी. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात त्या वेळी दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि जादा कामासाठी दुप्पट दराची तरतूद होती. ऑफिसातल्या कनिष्ठांना जादा कामाचे पैसे ना जुन्या साहेबांच्या काळात मिळाले, ना नव्यांच्या. कामाची जागा विषारी नसली, तरी ती कायद्याने वागतेच असे नाही, आणि "आमच्याकडे काम फार असतं" हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

तासांनी काही सांगितले नाही, म्हणून मी मॅडमना दुसरा प्रश्न विचारला: तुमच्या दिवसातले काय तुमच्या हातात आहे? त्यावर त्या बराच वेळ बोलल्या. पूर्वी कोणती फाइल आधी घ्यायची हे त्या ठरवत. आता प्रत्येक बिल दाखल करण्याआधी साहेबांना फोन करून होकार घ्यावा लागे, साहेब मीटिंगमध्ये असले तर फोन उचलत नसत, आणि थांबल्यामुळे उशीर झाला तर "तुम्हाला स्वतःचं डोकं नाही का?" असे विचारत, न थांबता भरले तर "कोणाला विचारून भरलं?" असे. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडले होते की कामाचा भार मोठा असण्यापेक्षा मोठा भार आणि निर्णयाचा अधिकार नसणे हे दोन्ही एकत्र येणे माणसाला अधिक खाते. मॅडमचे टेबल नेमके त्या जागी जाऊन पोहोचले होते.

सहा आठवड्यांची नोंदवही

४ जुलैपासून सहा आठवडे मॅडमनी रोज रात्री लोकलमध्ये बसल्यावर नोंद ठेवली. काय घडले, कोणासमोर घडले, त्यानंतर काय केले गेले, आणि कामावर त्याचा काय परिणाम झाला, एवढेच लिहायचे होते. एक अट मी आग्रहाने घातली: चांगला गेलेला दिवसही लिहायचा. मन दुखावलेल्या माणसाने तक्रारींचीच वही ठेवली, तर ती वही त्याला जे हवे तेच सांगते. मॅडमच्या वहीत शांत दिवस बरेच निघाले. नव्या साहेबांनी एका ग्राहकासमोर त्यांची बाजू घेतल्याची नोंदही होती. ती आम्ही खोडली नाही.

वहीच्या सुरुवातीला त्यांनी जूनमधली एक घटना आठवून लिहिली, आणि सगळे प्रकरण तिच्याभोवती फिरते. एक जहाज वेळेआधी न्हावा-शेवाला लागले, आयातदाराने चेकलिस्ट रोखून धरली होती, आणि बिल दोन दिवस उशिरा गेले. आकार लागला १०,००० रुपये. साहेबांनी त्या चलनाचा फोटो तेवीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली मॅडमचे व एका कनिष्ठ मुलाचे नाव घालून लिहिले की ही यांच्या निष्काळजीपणाची किंमत आहे. महिनाअखेरीस दोघांच्या पगारपत्रकात 'इतर कपात' म्हणून प्रत्येकी ५,००० रुपये वजा झाले. त्या मुलाचा पगार १९,००० रुपये होता. भिंतीवरचा जहाजांचा फळा नव्या साहेबांनी फेब्रुवारीतच काढून टाकला होता, आणि या घटनेनंतरही तो परत लागला नाही. जुलैमध्ये साहेबांच्या मर्जीतल्या दुसऱ्या एका कर्मचाऱ्याचे बिल तसेच उशिरा गेले, तेव्हा ग्रुपवर काही आले नाही आणि कोणाचा पगारही कापला गेला नाही.

तरीही मी निष्कर्षाला आले नव्हते. साहेबाचा पक्षपात आणि अपमान हे वाईटच, पण एखाद्या माणसाचा तो स्वभावदोष असू शकतो. मला थांबवले ते वहीच्या चौथ्या आठवड्यातील नोंदीने. त्याच कनिष्ठ मुलाला एका बिलातील नगांची संख्या पॅकिंग लिस्टशी जुळत नसल्याचे बिल भरल्यावर तासाभरात दिसले होते. त्या क्षणी सांगितले असते तर दुरुस्तीची परवानगी मागता आली असती. त्याने कोणालाच सांगितले नाही. तपासणीत फरक उघड झाला, कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर आवारात, पाच दिवस अडकला आणि शिपिंग लाइनचे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, चढले. मॅडमनी त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, सांगितलं असतं तर आजच कापले असते. न सांगता कदाचित निभावलं असतं."

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चाललेल्या पथकांतून चुकांची नोंद कमी नव्हे, अधिक येते असे त्यांना दिसले; तिथली माणसे चूक लपवत नव्हती, हे त्यामागचे कारण होते. जुन्या साहेबांच्या काळात चूक सांगायला जाताना पाय लटपटत, पण माणूस जात असे, कारण शिव्या खाऊन झाल्या की चूक दुरुस्त होणार हे माहीत होते. नव्या व्यवस्थेत चूक दडवणे हाच शहाणपणाचा हिशेब ठरला होता, आणि पंचवीस वर्षांचा मुलगा तो हिशेब बरोबर करत होता. या नोंदीनंतर मॅडमच्या प्रश्नाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

पर्यायांचा विचार

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही पर्याय मांडले. तत्काळ राजीनामा हा मॅडमच्या मनातला पहिला पर्याय होता. घराच्या हप्त्यामुळे तो दोन महिन्यांपेक्षा अधिक पेलला नसता. सहन करत राहणे हा घरच्यांचा सल्ला होता. "सगळीकडे असंच असतं गं," असे सासूबाई म्हणत, आणि त्यात माया होती, पण माहिती नव्हती. न्हावा-शेवाच्या शाखेत बदली मागता येत होती, मात्र डोंबिवलीहून तो प्रवास रोज जमणे कठीण होते. कायद्याचा आधार मर्यादित होता. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, पण इथला त्रास त्या स्वरूपाचा नव्हता, आणि सर्वसाधारण मानसिक छळवणुकीसाठी तसा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. पगारकपातीची बाब निराळी होती. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला संरक्षण होते, आणि नुकसानीपोटी कपात करण्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक होते. मॅडम त्या मर्यादेबाहेर होत्या, तो मुलगा मर्यादेत होता.

थेट नव्या साहेबांशी बोलणे हा उरलेला पर्याय. तो मी सुचवला, आणि त्यामागे माझा दुहेरी हेतू होता. बोलण्याने कदाचित सुधारणा झाली असती. झाली नसती, तरी एक गोष्ट कळली असती: कामाच्या भाषेत केलेल्या साध्या, वाजवी मागणीचे इथे काय होते? कष्टाच्या जागी अशी मागणी फेटाळली जाते, पुढे ढकलली जाते, कधी मान्यही होते. पण मागणाऱ्याला त्यासाठी शिक्षा भोगावी लागत नाही.

केलेली कृती

सोमवार, २२ ऑगस्टला मॅडम साहेबांशी बोलल्या. जुन्या तक्रारी काढायच्या नाहीत आणि दोनच गोष्टी मागायच्या, असे ठरले होते: जहाजांचा फळा पुन्हा लावावा, आणि ठरावीक मूल्याच्या आतली बिले फोनवरच्या होकाराशिवाय भरण्याची मुभा असावी. साहेबांनी शांतपणे ऐकले, चहा मागवला आणि "चांगली सूचना आहे" असे म्हणाले. मॅडमनी त्या रात्री मला फोन केला. आवाजात सुटल्याचा भाव होता आणि मलाही बरे वाटले.

बुधवारी त्यांच्याकडचा सर्वांत मोठा आयातदार काढून दुसऱ्याला दिला गेला. शुक्रवारी, २६ तारखेला, गौरी-गणपतीसाठी जुलैमध्येच मंजूर झालेली चार दिवसांची रजा रद्द झाल्याचा संदेश ग्रुपवर आला. कारण दिलेले नव्हते. ३१ ऑगस्टला गणपती बसणार होते आणि गौरी त्यांच्या घरी असतात.

रजा रद्द होणे एवढ्यावरून मी काही ठरवले नसते. जुन्या साहेबांनीही एका मार्चमध्ये मॅडमची रजा रद्द केली होती. पण तेव्हा त्यांनी कारण सांगितले होते, स्वतः रात्री नऊपर्यंत बसले होते आणि एप्रिलमध्ये बदली रजा आठवणीने दिली होती. इथे क्रम बोलका होता. मागणी, गोड होकार, मग चार दिवसांत दोन शिक्षा, आणि दोन्ही सर्वांसमोर. मॅडमनी त्या रात्री वहीत एकच ओळ लिहिली: "मी कमी पडत नाहीये."

सप्टेंबरमध्ये त्या कंपनीच्या ज्येष्ठ भागीदारांकडे गेल्या. सोबत वहीतील निवडक नोंदी, दोन्ही पगारपत्रके आणि अडकलेल्या कंटेनरच्या खर्चाचा हिशेब होता. भागीदारांनी अपमानाच्या भागावर मान हलवली. कंटेनरच्या खर्चाचा कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला. पगारकपात नियमबाह्य असल्याचे त्यांच्या हिशेबनिसानेच मान्य केले. नव्या साहेबांविषयी त्यांचे उत्तर होते, "माणूस धंदा आणतोय, थोडं सांभाळून घ्या." मॅडमनी त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज पाठवायला सुरुवात केली.

परिणाम

दोघांचेही ५,००० रुपये ऑक्टोबरच्या पगारात परत आले. फळा लागला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मॅडमनी राजीनामा दिला आणि अंधेरीतील एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या, कंपनीत रुजू झाल्या. तिथे मार्चमध्ये त्या अकरा-अकरा तास बसल्या, आणि तिथल्या प्रमुख बाई बोलायला तिखट आहेत. तरीही रविवारची धडधड थांबली. आम्लपित्त पूर्ण गेले नाही. त्याला डोंबिवली ते अंधेरी हा दोन गाड्यांचा प्रवासही कारण असेल. जुन्या विभागातील पाचपैकी तिघे २०२३ च्या मध्यापर्यंत निघून गेले. तो कनिष्ठ मुलगा तिथेच आहे.

वेगळे काय करता आले असते

तास आधी मोजले नसते तर वेळ वाचला असता. आता मी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारते: चूक झाल्याचे वरिष्ठांना कळल्यावर पुढच्या दिवशी काय बदलते, वाईट बातमी प्रथम कोण सांगतो, आणि हंगाम संपल्यावर ताण उतरतो का. मॅडमच्या ऑफिसात पूर्वी एप्रिल उजाडला की माणसे मोकळी होत. २०२२ चा एप्रिल आला आणि गेला, कोणाला कळलेही नाही. हा प्रश्न मी जुलैमध्ये विचारायला हवा होता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. २२ ऑगस्टच्या भेटीनंतर त्याच संध्याकाळी "आज आपण अमुक दोन गोष्टींवर बोललो" असा साधा ईमेल पाठवायला मी मॅडमना सांगितले नाही. तो असता तर भागीदारांसमोर मागणी आणि शिक्षा यांच्या तारखा कागदावरच शेजारी-शेजारी दिसल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांना त्या तोंडी सांगाव्या लागल्या, आणि साहेबांनी अशी भेट झाल्याचे आठवत नाही असे कळवले. शिवाय त्या एकट्या गेल्या. विभागातील आणखी दोघे सोबत यायला तयार होते, हे मला पुढे कळले. मी विचारलेच नव्हते.

मॅडमचे स्वतःचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते फेब्रुवारीत फळा काढला गेला, त्याच दिवशी त्यांनी विचारायला हवे होते, कारण तेव्हा साहेब नवे होते आणि मागे घेण्यात त्यांचा मानभंगही झाला नसता. मला ते पूर्ण पटत नाही. सहा महिन्यांनी मिळालेले उत्तर तेव्हाही मिळाले असते असे वाटते. त्या मुलाविषयी मात्र आमचे एकमत आहे. पैसे परत मिळाले तेव्हा त्याला कोणीतरी समोर बसवून सांगायला हवे होते की ती कपात बेकायदा होती आणि चूक सांगणे हा त्याचा गुन्हा नव्हता. पगारपत्रकावर त्याला फक्त 'समायोजन' असा शब्द दिसला. मॅडमनी नव्या ठिकाणी त्याच्यासाठी दोनदा शब्द टाकला आहे, आणि तो अजून विचार करतो आहे.